पाण्यात उतरणारी बस आणि घरातील वडीलधारी

मुलाकडे अमेरिकेला जाणारे आई-वडील आता दोंडाईचासारख्या गावातही नवलाचे राहिलेले नाहीत. मिरचीच्या बाजारात हयात घालवलेले गृहस्थ नातवंडांच्या ओढीने विमानात बसतात. मुलगा बॉस्टनला असेल, तर लवकरच ‘डक टूर’चा बेत निघतो. रस्त्यावरून धावणारी बस चार्ल्स नदीत उतरून होडी होते आणि हे जुने बंदर-शहर जमिनीवरून व पाण्यातूनही दिसते. दुसऱ्या महायुद्धात जहाजावरील माल थेट किनाऱ्यावर आणण्यासाठी अमेरिकी सैन्याने बनविलेल्या सहाचाकी वाहनांच्या सांकेतिक अक्षरांवरून ‘डक’, म्हणजे बदक, हे नाव पडले. बॉस्टनमधील सहल १९९४ पासून चालते. तिला सुमारे ८० मिनिटे लागतात. त्यांपैकी वीसेक मिनिटे पाण्यात जातात.

अशा वेळी अनेकदा वडीलधारी व्यक्ती म्हणते, “मला पाण्याची भीती वाटते, तुम्ही जाऊन या.” घरातले ते खरे मानतात. सारंगखेड्याची तापी लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला वीस मिनिटांच्या नदीची भीती एकाएकी कोठून आली, हे कोणी विचारीत नाही. पुष्कळदा भीती लघवीची असते. बसमध्ये स्वच्छतागृह नसते, मध्येच उतरता येत नाही, आणि हे सुनेसमोर बोलणे संकोचाचे असते. जे ‘नको’ म्हणत नाहीत, ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा उपाय अधिक घातक. शरीरातील पाणी घटले की उठताना भोवळ येते, बद्धकोष्ठता वाढते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा संभव वाढतो.

म्हणून वडिलांना मुलाने आणि आईला मुलीने हा प्रश्न एकांतात विचारावा. पाणी सकाळपासून थोडे थोडे घ्यावे, निघण्यापूर्वी तासभर कमी करावे. बस सुटण्याच्या ठिकाणी अर्धा तास आधी पोहोचावे. विज्ञान संग्रहालयापाशी सुटणारी फेरी या दृष्टीने सोयीची. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी परस्पर टाळू नये. त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

मळमळीची काळजी मात्र आपण उगाच फार करतो. प्रवासात उलट्या होण्याचे प्रमाण लहान मुलांत अधिक असते, वयाबरोबर ते सहसा कमी होते. तरीही ‘खबरदारी म्हणून’ गोळी दिली जाते. या गोळ्यांपैकी अनेकींनी गुंगी येते, वृद्धांना क्वचित भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांतही त्या वर्ज्य आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देऊ नयेत.

खरी कसोटी बसच्या पायऱ्यांवर लागते. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. सोबत्याने वरून हात ओढू नये. चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला राहावे. बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये. आधी घोटे हलवावेत, मग कठडा धरावा. चाकाच्या खुर्चीची सोय हवी असल्यास तिकीट काढतानाच चौकशी करावी.

हवामानाची शंका असेल, तर तिकिटाच्या पैशांचा मोह धरू नये. १९ जुलै २०१८ रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्यात टेबल रॉक तलावावर असे वाहन वादळात बुडाले आणि ३१ पैकी १७ जण दगावले. वादळाचा इशारा आधीच देण्यात आला होता.

अमेरिका सर्वांच्या वाट्याला येत नाही. मुंबईचे बंदर मात्र दोंडाईचाहून सुरतमार्गे रेल्वेने गाठता येते. गेटवेहून घारापुरीला जाताना हेलकावणाऱ्या लाँचमध्ये पाऊल टाकावे लागते आणि पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना मी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुचवीन. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मोटारगाडीच जहाजात शिरते आणि साधारण तासाभरात पलीकडच्या किनाऱ्याला लागते. आत गाडीतून उतरून वर बसण्याच्या जागी जायचे असते. तेथे लिफ्ट मिळेल का, हे आधी फोन करून विचारावे, आणि त्याच फोनवर परतीच्या शेवटच्या फेरीची वेळही.