सर्वांत कुशल चालक कोण?



गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक वाद रंगला. प्रात्यक्षिक लवकर आटोपले होते आणि पाचसहा मुले खिडकीपाशी उभी राहून बोलत होती. एकाचे म्हणणे असे की, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत ताशी ३०० किलोमीटर वेगाने मोटार पळवणारा चालक हाच जगात सर्वांत कुशल. दुसरा म्हणाला, "गुळगुळीत रस्त्यावर कोणीही पळवील. वाळवंटातली डाकार रॅली पुरी करून दाखवा म्हणावं!" शेवटी मला पंच नेमण्यात आले. "सर, तुम्हीच सांगा, खरा मोठा चालक कोण?"

मी काही बोलणार, तोच मागून एका मुलाने हळूच विचारले, "सर, त्यांतल्या एकाला तरी आमच्या वडलांसारखी उसाची ट्रॉली रिव्हर्स घेता येईल का?" सगळे हसले. मला मात्र त्या वादातला सर्वांत चांगला प्रश्न तोच वाटला. कसा, ते आपण क्रमाने पाहू.

आमच्या उमरीला शर्यतीचा मार्ग नाही. पण उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आम्ही रोज पाहतो. ट्रॅक्टर पुढे जात असताना ट्रॉली निमूटपणे मागून येते. ती थोडी तिरकी झाली, तरी ओढ पुढून असल्यामुळे आपोआप सरळ होते. ही झाली स्थायी अवस्था. आता ट्रॅक्टर मागे घ्या. ओढण्याऐवजी आपण ट्रॉलीला पिनेपाशी ढकलू लागतो. आता ती एक अंशाने तिरकी झाली, तर तो तिरकेपणा कमी होण्याऐवजी वाढतच जातो आणि अखेर ट्रॉली आडवी होऊन ट्रॅक्टरला भिडते. तळहातावर उभी काठी तोलून धरण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. हीदेखील तशीच अस्थायी अवस्था आहे. त्यातून ट्रॉलीचे मागचे टोक डावीकडे न्यायचे असेल, तर सुरुवातीला स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते. ट्रॉली चारचाकी असेल, तर जोड दोन होतात आणि काठीवर दुसरी काठी तोलल्यासारखे होते. महाराष्ट्रात अनेक गावांच्या जत्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा भरतात. तिथे वेग ताशी काही किलोमीटरच असतो, पण चालकाला दर क्षणी चूक ओळखून ती वाढण्यापूर्वी मोडावी लागते. वेग म्हणजेच कौशल्य, हा समज इथेच ढळतो.

आता वळणाकडे वळू. वाहन वळते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. ५० मीटर त्रिज्येचे एक सपाट वळण घ्या. जास्तीत जास्त वेगाचा वर्ग म्हणजे घर्षणगुणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांचा गुणाकार. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक ढोबळमानाने ०.८ धरला, तर हा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७१ किलोमीटर येतो. मुरमाच्या रस्त्यावर ०.५ धरला, तर ताशी ५६ किलोमीटर. पावसाने चिंब झालेल्या काळ्या मातीवर ०.२ धरला, तर ताशी अवघे ३६ किलोमीटर. वाहनाचे वस्तुमान या सूत्रात येतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

याचा अर्थ असा की, चिखलात ताशी ३५ किलोमीटरने वळणारा आणि डांबरावर ताशी ७० किलोमीटरने वळणारा, हे दोघेही मर्यादेच्या सारखेच जवळ आहेत. दोघांच्या वेगांची तुलना म्हणजे दोन रस्त्यांची तुलना. चालकांविषयी त्यातून काहीच कळत नाही. फॉर्म्युला वनच्या मोटारीला तर हवेचाही आधार असतो. तिचे पंख हवेच्या दाबाने मोटारीला खाली रेटतात, त्यामुळे वेगवान वळणावर चालकाच्या शरीराला गुरुत्वत्वरणाच्या चारपाच पट त्वरण सोसावे लागते. तिथे मानेचे स्नायू बळकट हवेत आणि तेच ते वळण पन्नास-साठ फेऱ्यांत दर वेळी अचूक घेण्याची शिस्त हवी.

रॅलीत मार्ग लांबलचक आणि खडबडीत असतो. शर्यतीपूर्वी तो संथ वेगाने पाहून टिपणे काढतात आणि शर्यतीत सहचालक ती वाचून दाखवतो. पुढचे वळण दिसण्यापूर्वीच चालक त्याची तयारी करतो. डाकारमध्ये तीही सोय नाही. मार्ग आधी पाहिलेला नसतो, आणि हातातील मार्गपुस्तिकेवरून वाळवंटात वाट काढावी लागते. मोटार घसरवण्याचेच उदाहरण घ्या. डांबरी मार्गावर मोटार फार आडवी घसरली की वेळ वाया जातो आणि टायर झिजतात. मुरमावर मात्र रॅलीचालक ती मुद्दाम घसरवतो, म्हणजे वळण येण्याआधीच तिचे तोंड योग्य दिशेला लागते. एके ठिकाणी जो दोष, तोच दुसरीकडे गुण.

दुसरी अडचण वाहनाची. शर्यतीचा निकाल म्हणजे चालक, वाहन आणि मार्ग या तिघांचा मिळून आलेला परिणाम. आपण टाळ्या मात्र एकट्या चालकासाठी वाजवतो. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाचे अँड्र्यू बेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० ते २०१४ या काळातील फॉर्म्युला वनच्या निकालांचा संख्याशास्त्रीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. निकालांतील फरकांचा मोठा भाग चालकापेक्षा संघामुळे, म्हणजे मोटार आणि तिच्यामागील यंत्रणेमुळे पडतो, असे त्यांना आढळले. हा भाग वजा केल्यावर त्यांच्या यादीत पहिला आला तो अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फांजिओ.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणे पाहा. मुंबईच्या जेहान दारूवाला यांनी डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय. फॉर्म्युला टूमध्ये सर्वांना एकाच बनावटीच्या मोटारी असतात, म्हणून तिथला निकाल चालकाविषयी अधिक सांगतो. पुढे २०२३-२४ च्या हंगामात ते विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई या शर्यतीत उतरले. तिथे बॅटरीतील ऊर्जा मोजकी असते. पायडल कधी सोडायचे आणि ब्रेक लावताना किती ऊर्जा परत मिळवायची, हा हिशेब तिथे वेगाइतकाच महत्त्वाचा ठरतो. पुण्याचे संजय टकले २०२५ साली सौदी अरेबियातील डाकार क्लासिकमध्ये उतरले. ही जुन्या वाहनांची स्पर्धा. तिच्यात ठरवून दिलेली सरासरी गती राखावी लागते. उशीर केला तर गुण जातातच, पण घाई केली तरी जातात! नाव डाकारचेच, वाळवंटही तेच, पण मोजपट्टी निराळी.

मग तुलना करूच नये काय? "ज्याचा तो आपापल्या जागी मोठा" असे म्हणून विषय मिटवणे सोपे आहे. मला ते पटत नाही, कारण अशाने प्रश्न सुटत नाही, नुसता टळतो. तुलना करण्याच्या दोन रीती मला दिसतात.

पहिली रीत प्रयोगशाळेतील. एक चल सोडून बाकी सर्व स्थिर ठेवा. १९८८ साली सुरू झालेली 'रेस ऑफ चॅम्पियन्स' हा असाच प्रयोग. तीत निरनिराळ्या शर्यतींतील नामवंत चालक सारख्या मोटारींत बसून समोरासमोर लढतात. २०१२ साली ती बँकॉकला झाली, तेव्हा तिच्यातील आशियाई देशांची लढत नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक यांच्या भारतीय जोडीने जिंकली. तरीही इथे एक फट राहते. ठेवलेली मोटार आणि आखलेला मार्ग कोणाच्या तरी सवयीच्या जवळचाच असतो.

दुसरी रीत माझ्या मते अधिक चांगली. चालकाला त्याच्या सरावाबाहेरच्या वाहनात बसवा आणि तो किती लवकर शिकतो ते पाहा. इंग्लंडच्या जॉन सर्टीस यांनी ५०० सीसी मोटारसायकलींचे जगज्जेतेपद चार वेळा मिळवले आणि १९६४ साली फॉर्म्युला वनचेही मिळवले. दोन्ही जिंकणारे ते आजवर एकटेच. रॅलीतील विजेता सेबास्तियन लोब याने नोव्हेंबर २००८ मध्ये बार्सिलोना येथे फॉर्म्युला वनच्या मोटारीची चाचणी दिली, तेव्हा सतरा चालकांत तो आठवा आला. उलट फॉर्म्युला वनचा २००७ सालचा विजेता किमी रायकोनेन २०१० आणि २०११ मध्ये जागतिक रॅलीत उतरला आणि त्याची सर्वोत्तम कामगिरी पाचव्या क्रमांकाची राहिली. फर्नांडो अलोन्सोने ल मान्सची २४ तासांची शर्यत २०१८ आणि २०१९ साली जिंकली. पण त्याच २०१९ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० साठी तो पात्रही ठरू शकला नाही. एकाच माणसाचे एकाच वर्षातील हे दोन निकाल! अलोन्सो चांगला चालक की वाईट, असे आता कोणी विचारले तर काय सांगाल?

म्हणून माझे मत असे की, चालकाचे कौशल्य ही एका आकड्यात मावणारी राशी नाही. तिला अनेक घटक आहेत. घर्षणाची मर्यादा ओळखणे, चूक वाढण्यापूर्वी मोडणे, ऐकलेल्या सूचनेवर विश्वासाने वागणे, ऊर्जा पुरवून वापरणे, तासन्‌तास एकाग्र राहणे. एका चालकाची घर्षणाची जाण आणि दुसऱ्याची एकाग्रता यांत मोठी कोणती, असे विचारणे म्हणजे एकाची उंची आणि दुसऱ्याचे वजन यांत मोठे कोणते, असे विचारण्यासारखे आहे. आधी घटक सांगा, मग तुलना करा. अनोळखी वाहन लवकर शिकण्याची हातोटी हाही एक घटकच, मात्र इतरांपेक्षा अधिक दूरवर उपयोगी पडणारा.

माझ्या म्हणण्यावर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा. शाळेच्या मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दहा जणांनी एकाच सायकलवर दोन परीक्षा द्याव्यात. पहिली १०० मीटर वेगाची शर्यत. दुसरी १५ मीटरची सावकाश सायकल शर्यत, म्हणजे पाय न टेकता जो शेवटी पोचेल तो पहिला. दोन्हींत प्रत्येकाचा क्रमांक लिहा. प्रत्येकाच्या दोन क्रमांकांतील फरकाचा वर्ग करा आणि ते सर्व वर्ग मिळवा. बेरजेला ६ ने गुणा, ९९० ने भागा आणि आलेली संख्या १ मधून वजा करा. उत्तर १ च्या जवळ आले, तर दोन्ही परीक्षा एकच कौशल्य मोजतात. शून्याजवळ आले, तर दोन्ही कौशल्यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. आणि उणे १ च्या जवळ आले, तर एकीतला पहिला तो दुसरीतला शेवटचा! तुमच्या शाळेत काय आकडा येतो, ते कळवा.

त्या दिवशी मी पंचाचा निकाल दिला नाही. मागच्या मुलाला तेवढे फळ्यापाशी बोलावले आणि ट्रॉलीची आकृती काढून स्टिअरिंग केव्हा कोणीकडे फिरवायचे ते समजावून सांगायला लावले. वडलांच्या शेजारी बसून त्याने ते अनेकदा पाहिले होते. फॉर्म्युला वनची बाजू घेणारे दोघे ती आकृती वहीत उतरवून घेत होते.