मत कोणाचे, हुकूम कोणाचा?





स्मरणिकेचे संपादकीय म्हणजे वर्षभराच्या कार्याचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि बाबासाहेबांना विनम्र अभिवादन, अशी आपली परंपरा आहे. आढावा व आभार पुढील पानांवर यथास्थित आले आहेत. या पानावर मात्र आम्ही असा विषय घेत आहोत, जो आपल्या घराघरांत तावातावाने बोलला जातो आणि व्यासपीठाजवळ येताच ज्याच्याविषयी सर्वजण मौन पाळतात. महाराष्ट्रातील निवडणुकीत आपल्या माणसांनी वंचित बहुजन आघाडीला मत द्यावे की देऊ नये, हा तो विषय होय.

२०१९ व २०२४ या दोन्ही वर्षी हा प्रश्न समुद्र ओलांडून उम्म अल हस्समच्या आपल्या वस्तीत आला. भारतात सकाळी आठला मतमोजणी सुरू होते, तेव्हा बहरीनमध्ये साडेपाच वाजलेले असतात. निकालाच्या दिवशी आपल्या कित्येक घरांत त्या वेळी दिवे लागलेले होते. निकाल लागले, सरकारे बनली. परंतु एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकाच रांगेत बसून त्रिशरण-पंचशील घेणाऱ्या काही कुटुंबांतील अबोला अद्याप सुटलेला नाही. एकाने दुसऱ्यास समाजद्रोही म्हटले, दुसऱ्याने पहिल्यास विरोधकांचा हस्तक ठरविले. परदेशात आपण मूठभर. त्या मुठीची बोटे अशी सुटी होऊ लागली, तर संपादकाने गप्प बसणे हे कर्तव्याला धरून होणार नाही.

प्रथम दोन्ही बाजू निःपक्षपणे मांडू या.

वंचितला मत द्यावे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की ज्या समाजाला स्वतःचा पक्ष नाही, त्याला वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची नाही. मोठे पक्ष आपल्याला आरक्षित मतदारसंघांपुरते आठवतात. महाराष्ट्रातील अठ्ठेचाळीसपैकी पाच लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. उरलेल्या त्रेचाळीसांत आपल्या माणसाला उमेदवारी मिळणे ही अपवादाची गोष्ट. शिवाय अकोल्याने दाखविलेला मार्ग समोर आहे. बौद्ध, माळी, धनगर, बंजारा, मुस्लिम अशा समाजांना एकत्र गुंफून तेथील जिल्हा परिषद हाती घेता आली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत याच धर्तीवर राज्यात सुमारे सात टक्के मते मिळाली, आणि आघाडीतील मित्रपक्षाचे इम्तियाज जलील औरंगाबादेतून ४,४९२ मतांनी निवडून आले. पक्ष उभारायला पिढ्या लागतात. पहिल्या-दुसऱ्या पराभवाने झाड उपटून टाकायचे नसते, असे ते म्हणतात.

दुसरी बाजू आकडे पुढे करते. २०१९ मध्ये नांदेडला अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले. तेथे वंचितच्या उमेदवाराला एक लाख सहासष्ट हजारांवर मते होती. २०२४ मध्ये अकोल्यात भाजपचा उमेदवार ४०,६२६ मतांच्या फरकाने विजयी झाला. तिसऱ्या क्रमांकावरील ॲड. प्रकाश आंबेडकर यांना पावणेतीन लाखांहून अधिक मते होती. मुंबई उत्तर पश्चिममध्ये तर निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला, आणि तेथे वंचितला सुमारे दहा हजार मते पडली. ज्यांच्यापासून संविधानाला धोका आहे असे आपण म्हणतो, त्यांनाच आपल्या मतविभागणीचा लाभ होतो, असा या बाजूचा आक्षेप आहे.

आम्ही व्यवसायाने वैद्य. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. वंचितला पडलेले प्रत्येक मत, वंचित नसती तर काँग्रेस वा शिवसेनेलाच गेले असते, हे गृहीत धरण्यास आधार नाही. त्यातील काही मते घरीच राहिली असती, काही अन्यत्र गेली असती. २०२४ मध्ये नागपूर व कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी वंचितने काँग्रेसला पाठिंबा दिला. कोल्हापुरात काँग्रेस जिंकली, नागपुरात हरली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महाविकास आघाडीला २८८ पैकी पन्नास जागाही मिळाल्या नाहीत. एवढ्या मोठ्या पराभवाचे खापर एका लहान पक्षाच्या माथी फोडणे हे निदान नव्हे, आत्मसमाधान होय.

परंतु तेवढ्याने दुसरी बाजू निर्दोष सुटत नाही. ४८ मतांच्या फरकापुढे दहा हजार मतांचा परिणाम शून्य होता, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. तसेच २०१९ च्या लोकसभेतील सुमारे सात टक्के मते त्याच वर्षीच्या विधानसभेत साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि २०२४ च्या लोकसभेत तीन टक्क्यांच्या खाली आली, ही उतरती रेघ समर्थकांनीही डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. ज्या रुग्णाचे वजन प्रत्येक भेटीत घटते, त्याला 'प्रकृती उत्तम' असे सांगणारा वैद्य त्याचा हितचिंतक नसतो.

ही कोंडी आजची नाही. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला. परंतु त्याच वर्षी बाबासाहेब जोगेंद्रनाथ मंडल व बंगालमधील अन्य सदस्यांच्या साहाय्याने संविधान सभेवर निवडून आले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले, आणि त्याच वर्षी राज्यसभेवर गेले. या दोन्ही वेळी माणूस तोच, विचार तोच, वर्षही तेच. निराळी होती ती मत मोजण्याची पद्धत. जेथे सर्वाधिक मते घेणारा जिंकतो, तेथे ते हरले. जेथे मतदार पसंतीक्रम लिहितो, तेथे ते पोहोचले.

या संदर्भात आयर्लंडचे उदाहरण बोधप्रद आहे. त्या देशाच्या १९३७ च्या संविधानातून आपण राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे घेतली. तेथेही शिन फेन नावाच्या पक्षाला मत द्यावे की नाही, यावरून घराघरांत वाद झाले. सशस्त्र संघर्षाशी असलेल्या त्याच्या जुन्या नात्यामुळे अनेकांना तो वर्ज्य वाटे. घरांच्या टंचाईने गांजलेल्या तरुणांना तोच जवळचा वाटला. २०२० मध्ये पहिल्या पसंतीची सर्वाधिक, म्हणजे साडेचोवीस टक्के मते त्याला मिळाली. पण तेथील मतदाराच्या हाती एक साधन असते. तो मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे क्रम लिहितो. पहिल्या पसंतीचा उमेदवार मागे पडून बाद झाला, तर ते मत दुसऱ्या पसंतीकडे वळते. मनातील पक्ष आणि संकट टाळणारा पक्ष यांपैकी एकालाच निवडण्याची सक्ती त्याच्यावर नसते.

आपल्या मतदारावर ती सक्ती आहे. म्हणजे अकोल्यातील वा नांदेडमधील आपला बांधव ज्या कोंडीत सापडतो, ती त्याच्या चारित्र्याची कोंडी नसून पद्धतीची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांवर, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत आहे. एवढ्या बळावर, या पद्धतीत, एकट्याने जागा जिंकणे जवळजवळ अशक्य. आणि दुसऱ्याच्या सावलीत कायमचे उभे राहणेही स्वाभिमानाला न मानवणारे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत जाऊन दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार नेते, ॲड. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले, चारही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. स्वतःचा झेंडा व दुसऱ्याशी करार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या, तेव्हाच यश आले. एकी फुटली, तसे ते यशही विरले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जेथे वंचितचा उमेदवार खरोखर विजयाच्या स्पर्धेत आहे, तेथे 'मत वाया जाईल' ही भीती निराधार आहे. जेथे तो स्पर्धेत नाही, तेथे कोणते नुकसान आपण सोसू शकतो याचा विचार मतदाराने स्वतः करावा. त्याने कोणताही निर्णय घेतला तरी त्याच्या निष्ठेची तपासणी करण्याचा अधिकार कोणास नाही. आणि खरा जाब मतदाराला न विचारता पक्षांना विचारावा. वंचितच्या नेतृत्वाने निवडणुकीच्या पुरेशा आधी सांगावे, की समझोता कोणत्या अटींवर होईल व कोणत्या अटींवर होणार नाही. मोठ्या पक्षांनी सांगावे, की खुल्या मतदारसंघांतील किती जागा त्यांनी खरोखर देऊ केल्या. मागताना हिशेब नाही आणि हरल्यावर मात्र हिशेब, हा व्यवहार दोघांनाही शोभत नाही. राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो आपल्या आवडत्या नेत्यालाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा वाद आपण येथे करतो, तेव्हा मत असते कोणाचे?

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि परदेशस्थ भारतीय नागरिकाला पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविण्याचा हक्क मिळाला. परंतु मत देण्यासाठी मूळ पारपत्र घेऊन त्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद करणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये संमत केले; ते २०१९ मध्ये व्यपगत झाले. परिणामी २०२४ मध्ये देशभर सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद असूनही, प्रत्यक्ष मतदान करणारे तीन हजारांहूनही कमी निघाले, व त्यांतील बहुसंख्य केरळचे होते.

याचा अर्थ असा, की उम्म अल हस्सममध्ये बसून आपण ज्या मताविषयी भांडतो, ते बहुतांशी आपले नसतेच. ते गावाकडच्या आईचे, वडिलांचे, भावाचे, वहिनीचे असते. मतदानाच्या आदल्या रात्री येथून फोन जातो : "आई, अमुकच बटण दाब." आई 'हो' म्हणते, कारण घराचे पत्रे, औषधे, नातीची फी या फोनच्या वाटेनेच येतात. 'पैसे पाठवणार नाही' असे कोणी म्हणत नाही. म्हणावे लागतच नाही. पण पाठविलेल्या पैशाबरोबर हुकूमही पाठविण्याची ही रीत आपण कोणाकडून उचलली? गावच्या पाटलाने सांगावे आणि महारवाड्याने मत द्यावे, ही रीत मोडण्यासाठीच तर आपले आजे-पणजे उभे राहिले होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणूस अज्ञानी नसतो, त्याला आपले हित कळते, हा विश्वास त्या मागणीमागे होता. ज्या आईच्या शहाणपणावर त्यांनी एवढा विश्वास टाकला, तिच्यावर तिच्या शिकलेल्या, परदेशस्थ मुलाने अविश्वास दाखवावा काय?

शिवाय निवडणुकीचे फळ तिलाच भोगावे लागते. रेशन दुकानात, तलाठ्याच्या कार्यालयात, विहाराच्या जागेच्या वादात उद्या उभी राहणार ती. कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता रात्री-अपरात्री धावून आला आणि कोण केवळ निळा झेंडा वा संविधानाची प्रत मिरवून गेला, हे तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आपण तिला विचारावे, सांगू नये. "आई, तुला काय वाटते?" हा प्रश्न फोनवर विचारून पाहा. उत्तर कदाचित आपल्या मताविरुद्ध असेल. पण ते ऐकण्याजोगे असेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

आपल्या हाती मग काय उरते? पुष्कळ उरते. ज्यांना शक्य आहे त्यांनी नमुना सहा-अ भरून नाव नोंदवावे आणि वार्षिक सुटी निवडणुकीच्या वेळापत्रकाशी जुळविता येते का, ते पाहावे. २६ एप्रिल २०२४ रोजी अकोला, बुलढाणा, नांदेड येथे मतदान झाले तो शुक्रवार होता, म्हणजे येथील साप्ताहिक सुटी. गावाकडच्या वडीलधाऱ्यांची व नव्याने अठरा वर्षे पूर्ण केलेल्या भाचे-पुतण्यांची नावे यादीत आहेत की नाहीत, याची वेळेवर चौकशी करावी. नाव गळाल्याने जितकी मते वाया जातात, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. जागेवर दूरध्वनीच्या हुकमाऐवजी दोन्ही बाजूंची माहिती पोहोचवावी. आणि आपली संस्था व आपली वंदना यांना पक्षभेदापासून दूर ठेवावे. या देशात आपण पाहुणे आहोत. येथे आपल्या अडीअडचणीला, आजारपणाला, अंत्यविधीला धावून येतो तो शेजारच्या दारातील धम्मबांधवच. त्याने महाराष्ट्रात कोणाला मत दिले वा द्यायला सांगितले, हे पाहून आपण त्या वेळी दार उघडणार आहोत काय?

ज्या घरांत अबोला आहे, त्यांनी येत्या पौर्णिमेच्या वंदनेला शेजारी शेजारी बसावे, एवढी नम्र विनंती करून आम्ही ही स्मरणिका आपल्या हाती देत आहोत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!

— संपादक मंडळाच्या वतीने, उम्म अल हस्सम, बहरीन