शेजाऱ्यांवाचून शेजारचा पब

लोअर परळमधील एका जुन्या गिरणीच्या आवारात नवा पब निघाला आहे. 'तुमच्या शेजारचा, मित्रांसह निवांत बसण्याचा' अशी त्याची जाहिरात. काही जुन्या साथींच्या आग्रहाखातर मीही गेल्या महिन्यात तेथे जाऊन आलो. जेवण रुचकर होते, पेले भरले गेले, गप्पाही रंगल्या. परंतु भोवताली पाहिले, तर मागच्या चाळीतला एकही शेजारी तेथे नव्हता. टेबल पुसणारा मुलगा बदलापूरहून येतो. शेवटची गाडी चुकली की तो फलाटावर झोपतो.

या पबांविषयी आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, मद्यपान हेच मुळी पाप आहे. समाजवाद्याने त्या दारात पाऊल टाकू नये. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांतील स्त्रियांचा आक्रोश मी विसरलेलो नाही. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून, याचा आदरच वाटतो. परंतु १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा इतिहास काय सांगतो? श्रीमंतांच्या हाती परवाना आला आणि गरिबांच्या वाट्याला हातभट्टी. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती सारी कष्टकरी वस्तीतली. केवळ पेल्याकडे बोट दाखविणारी नीती या विषमतेला हात लावीत नाही.

दुसरे मत तरुण मित्रांचे. ते म्हणतात, कोणी कोठे बसावे हा ज्याच्या त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मान्य! पण ज्या जमिनीवर आपण बसलो, ती कोणाची?

१९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगाव कायमचे मोडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. कामगार व त्यांचे वारस मात्र बहुसंख्येने अजून घराची वाट पाहत आहेत. त्यांना शेलू-वांगणीचा रस्ता दाखविला जातो. म्हणजे शेजाऱ्याला पन्नास मैल दूर धाडायचे आणि त्याच्या जागेवर 'शेजार' विकायचा!

मित्रांसह जेवणे ही गिरणगावाला नवी गोष्ट नव्हे. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा कामगार खानावळीत पंगतीला बसे. महिन्याचे पैसे पगाराला देई. संपाच्या काळात खानावळवाल्या बायांनी उधारीवर ताटे वाढली. याच बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ती पंगत दारिद्र्याची होती, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण तेथे बसण्याचा हक्क खिशावरून ठरत नसे.

आज नफ्याच्या हव्यासापुढे गिऱ्हाइकाचा जीवही स्वस्त झाला आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि चौदा जण प्राणास मुकले. त्यात वाढदिवस साजरा करायला मैत्रिणींसह आलेली तरुण मुलगीही होती. बेकायदा बांधकामे त्याआधी कोणालाच दिसली नव्हती काय?

म्हणून पबवर बहिष्काराचा ठराव करून आपण मोकळे होऊ नये. गिरणी कामगारांना मुंबईतच घर मिळावे, वाट्याला आलेल्या मोकळ्या जागा खरोखरच लोकांसाठी खुल्या राहाव्यात, प्रत्येक हॉटेलातील अग्निसुरक्षेची तपासणी जाहीर व्हावी, वेटरला रात्रपाळीचा योग्य मोबदला आणि घरी जाण्याची सोय मिळावी, या मागण्या घेऊन वॉर्डावॉर्डांत गेले पाहिजे. स्वस्त, सहकारी भोजनगृहे उभारणे हेही आपलेच काम आहे.

मैत्रीची संध्याकाळ हा चंगळवाद नव्हे. ती कष्टकऱ्याचीही गरज आहे. ती त्याला त्याच्याच गावात परवडत नाही, हा खरा अन्याय होय. साथींनो, आपला झगडा पेल्याशी नाही, सातबाऱ्याशी आहे!