खोक्यावरचा आकडा आणि ठिणगीची गरज

विद्यार्थी मित्रांनो, नवरात्राच्या काही दिवस आधीची गोष्ट. टेंभी नाक्यावर मंडपाचे बांधकाम चालू होते आणि वाहने मुंगीच्या पावलाने सरकत होती. एवढ्यात एक मोटार कडेला थांबली आणि आतून हाक आली, "सर, ओळखलंत का?" तो माझा जुना विद्यार्थी होता. मोटार लहान, पण टर्बोचार्जर असलेली, पेट्रोलवर चालणारी. त्याने त्या टर्बोचा दाब मूळ मर्यादेपेक्षा वाढवून घेतला होता.

त्याची तक्रार अशी : गावात गाडी उत्तम चालते, पण घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ लागला आणि पाय दाबला की ती धक्के खाऊ लागते. गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' करते. त्याच्याजवळ इग्निशन कॉइलची दोन खोकी होती. एकात गाडीला मुळात असतात तशी कॉइल होती. दुसऱ्यातला संच जवळजवळ तिप्पट किमतीचा होता आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते, '६०,००० व्होल्ट'. "सर, कोणता संच बसवू?" त्याने विचारले.

मी म्हटले, "आधी हे सांग, तुझ्या ठिणगीला किती व्होल्ट लागतात?"

त्याला ते सांगता आले नाही. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. वस्तूवरचा मोठा आकडा पाहून ती घ्यायची, पण आपली गरज किती हे मोजायचे नाही, ही सवय आपल्या सर्वांनाच लागली आहे. माझे मत असे की, विज्ञान शिकलेल्या माणसाने हा क्रम उलटा करावा. आधी गरज मोजावी, मग वस्तू निवडावी. इग्निशन कॉइल हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

कॉइल म्हणजे काय, ते आधी पाहू. लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी गुंडाळलेली असतात : एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, पहिल्याच्या साधारण शंभरपट वेढ्यांचे. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन तुम्ही शाळेत शिकता, तेच येथे कामाला लावलेले आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी तुमच्या आईवडिलांना नक्की आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्या चार सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असे आणि डिस्ट्रिब्यूटर प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटत असे. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते.

आता एक कोडे. बॅटरी १२ व्होल्टची. वेढ्यांचे प्रमाण १ : १००. मग मिळायला हवेत १,२०० व्होल्ट. प्रत्यक्षात २०-३० हजार व्होल्ट येतात कोठून? उत्तर फॅरडेच्या नियमातच आहे. विद्युत्-दाब हा चुंबकीय क्षेत्र किती वेगाने बदलते यावर अवलंबून असतो. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह सावकाश वाढू देतात, पण तोडतात एका झटक्यात. त्या झटक्याने पहिल्याच वेटोळ्यात ३००-४०० व्होल्ट उत्पन्न होतात आणि त्याची शंभरपट म्हणजे ३०-४० हजार. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, तर बंद होताना!

हे ३०-४० हजार व्होल्ट मात्र दर वेळी येत नाहीत, आणि खरी मेख येथेच आहे. पावसाळ्यात धरणाचे पाणी सांडव्याच्या उंचीपर्यंत चढते आणि वाहू लागते. भिंत त्याहून कितीही उंच बांधली तरी पाणी तेथवरच राहते. कॉइलचेही तसेच. प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यास १८ हजार व्होल्ट पुरत असतील, तर विद्युत्-दाब १८ हजारांवर पोचताच ठिणगी उडते आणि दाब कोसळतो. खोक्यावरचे ६०,००० हे भिंतीची उंची सांगतात. सांडवा किती उंच, हे प्लगची फट आणि सिलिंडरमधली हवा ठरवते.

ही उंची कशी ठरते, हे जर्मन शास्त्रज्ञ पाशेन याने १८८९ साली प्रयोगांनी दाखवले. इंजिनातल्या परिस्थितीपुरते सांगायचे तर, फट जितकी रुंद आणि वायू जितका दाट, तितका जास्त विद्युत्-दाब लागतो. टर्बोचार्जर काय करतो? बाहेर जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक पंखा फिरवतो आणि त्याच्या साहाय्याने सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा दाट झाली, म्हणजे सांडवा उंच झाला.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे गणित आम्ही तेथेच एका खोक्यावर मांडले. पूर्वी टर्बोचा दाब ०.६ बार होता, तो १.२ बार केला. हे आकडे वातावरणाच्या दाबावरचे आहेत. त्यात वातावरणाचा १ बार मिळवला पाहिजे. म्हणजे १.६ चे २.२ झाले. गुणोत्तर सुमारे १.३७. पूर्वी १८,००० व्होल्ट लागत असतील असे धरले, तर आता जवळजवळ २४,७०० लागतील. आता प्लगची फट ०.८ मिलिमीटरवरून ०.६ केली तर? गरज पाऊणपट होते, म्हणजे सुमारे १८,५०० व्होल्ट. पाहिलेत? काही हजार रुपयांच्या नव्या संचाने जे साधायचे होते, ते एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाने जवळजवळ साधले. गावात गाडी का चालत होती आणि चढावरच का अडत होती, याचेही उत्तर यात आहे. गावात टर्बोचा पूर्ण दाब कधी लागतच नव्हता.

फट वाटेल तितकी कमी करावी असे मात्र नाही. फार अरुंद फटीत ज्योत जन्मताच प्लगचे थंड धातू तिची उष्णता शोषून घेतात. मग गाडी उभी असताना इंजिन अडखळते. निसर्ग फुकट काहीच देत नाही.

दुसरा मुद्दा ऊर्जेचा. वेटोळ्यात साठणारी ऊर्जा म्हणजे प्रवर्तकत्व गुणिले प्रवाहाचा वर्ग, भागिले दोन. समजा, मूळ कॉइलचे प्रवर्तकत्व २ मिलिहेन्री आहे आणि तीत ८ अँपिअर प्रवाह पोचतो. ऊर्जा झाली ६४ मिलिज्यूल. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४ व्होल्टवर हा प्रवाह वाढायला सुमारे १.१ मिलिसेकंद लागतात आणि गाडीचा संगणक तेवढाच वेळ देतो. आता तिच्या जागी ४ मिलिहेन्रीची 'मोठी' कॉइल बसवली आणि वेळ तोच ठेवला, तर प्रवाह ४ अँपिअरवरच अडतो. तारेचा रोध सोडून देऊन गणित करून पाहा. ऊर्जा भरते ३२ मिलिज्यूल, म्हणजे मूळच्या निम्मी! उलट, कमी प्रवर्तकत्वाची कॉइल बसवली तर तेवढ्याच वेळात प्रवाह अतोनात वाढतो. कॉइल तापते आणि संगणकातला प्रवाह तोडणारा ट्रान्झिस्टरही जळू शकतो. म्हणून कॉइल निवडताना ऊर्जा किती, भरायला वेळ किती आणि तो ट्रान्झिस्टर कॉइलच्या आत आहे की बाहेर, हे तीन प्रश्न विचारावेत. व्होल्टचा आकडा त्यांच्या मागून येतो.

मोठी कॉइल कधीच लागत नाही, असे माझे म्हणणे नाही. फट शक्य तेवढी कमी करूनही ठिणगी हुकत असेल, तर जास्त ऊर्जेची कॉइल अवश्य घ्यावी. पण संगणकातली वेळही तिच्याप्रमाणे बदलावी. गणिताअंती घेतलेली मोठी वस्तू आणि आकड्याला भुलून घेतलेली मोठी वस्तू यांत फरक आहे.

पुढे काय झाले ते सांगतो. प्लग काढून फिलर गेजने फट मोजली, तर झिजून ती ०.९ मिलिमीटर झाली होती. एका कॉइलच्या रबरी टोपीला बारीक तडाही होता. दाब वाढला की वीज फटीऐवजी त्या सोप्या वाटेने निसटत होती. नवे प्लग ०.६ वर लावले आणि ती एक कॉइल मूळ प्रकारचीच नवी बसवली. गायमुखचा चढ गाडी निमूटपणे चढली. महागडा संच दुकानात परत गेला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ठिणगी हुकली की न जळलेले पेट्रोल धुराड्यात जाते आणि विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरक पात्र तापून खराब होते. त्याचा धूर टेंभी नाक्यावर उभे असलेले तुम्हीआम्हीच श्वासात घेतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने वाहनातील फेरफारांवर बंधने घातली आहेत. टर्बोचा दाब वाढवण्याआधी हा विचार व्हायला हवा होता, हे मी माझ्या विद्यार्थ्यालाही स्पष्ट सांगितले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. जवळच्या गॅरेजमधून जुन्या पद्धतीची, डबीच्या आकाराची एक निकामी कॉइल वर्गात आणा. ती कापू नका, बॅटरीला तर मुळीच जोडू नका. त्या विजेचा धक्का जिवावर बेतू शकतो. फक्त मल्टिमीटरने दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजू द्या. एक काही ओहम, तर दुसरे हजारो ओहम भरेल. मग विचारा, वेढे शंभरपट असताना रोध हजारोपट का? तारेच्या जाडीचा विचार मुले आपणहून करू लागतील.

आणि मित्रांनो, पुढे तुम्ही कॉइल घ्या, सायकल घ्या किंवा दुर्बीण घ्या. दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवील, तेव्हा खिशात हात घालण्याआधी वहीचे एक पान काढा. त्यावर आपली गरज लिहा. मग आकड्याकडे पाहा.