उल्लेखांच्या तराजूत विज्ञान

संशोधकाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, यावरून त्याची योग्यता ठरविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘एच-निर्देशांका’ने तिला सोपे गणित मिळवून दिले. नेमणुका व बढत्यांमध्ये अशा आकड्यांचे वजन वाढत असताना स्टीव्हन वाइनबर्ग यांचे उदाहरण विसरून चालणार नाही.

विद्युतचुंबकीय आणि क्षीण बले मुळात एकच आहेत, असे सांगणारा त्यांचा जेमतेम तीन पानांचा निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील चार वर्षे त्याची फारशी कोणी दखलच घेतली नाही. अशा सिद्धांतांच्या गणितात उद्भवणाऱ्या अनंत राशींची अडचण दूर करता येते, हे जेरार्ड ट हूफ्ट यांनी १९७१ मध्ये दाखविले आणि चित्र पालटले. १९७९ मध्ये ग्लॅशो व सलाम यांच्यासह वाइनबर्ग नोबेलचे मानकरी ठरले; डब्ल्यू आणि झेड हे कण १९८३ मध्ये ‘सर्न’ येथे सापडले. कणभौतिकीतील सर्वाधिक उल्लेखिलेल्या निबंधांत आज त्याची गणना होते.

निबंधातील एक अक्षरही बदलले नव्हते. १९७० मध्ये ही मोजपट्टी लावली असती, तर तो निरुपयोगी ठरला असता. तरुण संशोधकांकडून तीन-चार वर्षांत आकडे मागणाऱ्या निवड समित्यांनी निबंध मोजण्याआधी ते वाचावेत, हाच यातील धडा आहे.