मानसशास्त्राची शिकवणी : विद्यादान की विद्याविक्रय?

विद्यापीठात वीस-पंचवीस वर्षे मानसशास्त्र शिकविलेला एखादा विद्वान अध्यापक घरी बसून, अथवा संगणकाच्या पडद्यावरून, तासावारी मोबदला घेऊन त्याच विषयाची खाजगी शिकवणी देऊ लागला, की आपल्या समाजात दोन प्रकारचे उद्गार कानी पडतात. एक पक्ष म्हणतो, 'विद्येचा बाजार मांडला!' दुसरा म्हणतो, 'ज्याची विद्या त्याने विकावी. घेणारा खुशीने घेतो, देणारा खुशीने देतो, मध्ये बोलणारे तुम्ही कोण?' आमच्या मते हे दोन्ही पक्ष प्रश्नाच्या मुळाशी जात नाहीत. पहिला पैशाच्या नुसत्या नावानेच विटाळतो, आणि दुसरा पैसा कोणाच्या खिशातून व कोणत्या दडपणाखाली येतो हे पाहावयास तयार नसतो.

पहिल्या पक्षास प्राचीन आधारांची वाण नाही. स्मृतिकारांनी वेतन घेऊन पढविणाऱ्यास भृतकाध्यापक म्हणून दोष दिला आहे. आणि कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त एका नाट्याचार्याच्या तोंडून, केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्यास ज्ञानाचा वाणी म्हटले आहे. परंतु हे आधार पुढे करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या समाजाने अध्यापकास असा नियम घातला, त्या समाजाने अग्रहार, दक्षिणा आणि राजाश्रय यांच्या रूपाने त्याच्या चरितार्थाची तजवीजही केली होती. तजवीज मोडावयाची आणि नियम तेवढा शाबूत ठेवावयाचा, हा न्याय नव्हे.

पश्चिमेकडील उदाहरणे पाहू गेल्यास तेथेही हा वाद जुनाच आहे. तत्त्ववेत्ता कांट यास क्योनिग्सबर्ग येथे पगारी प्राध्यापकाची जागा १७७० साली मिळाली. तत्पूर्वी १७५५ पासून पंधरा वर्षे त्याची उपजीविका मुख्यतः श्रोत्यांनी दिलेल्या फीवर चालली होती. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांवर असा स्पष्ट आरोप केला, की पगार विद्यार्थ्यांवर अवलंबून नसल्यामुळे त्यांपैकी बहुतेकांनी शिकविण्याचे सोंगसुद्धा टाकून दिले आहे. तथापि हाच स्मिथ १७६४ साली ग्लासगोची नोकरी सत्राच्या मध्येच सोडून निघाला, तेव्हा विद्यार्थ्यांची फी परत करू लागला, आणि विद्यार्थी ती घेईनात! फीचा पुरस्कर्ता असूनही न शिकविलेल्या तासाचे द्रव्य आपले नव्हे, इतकी चाड ज्यास होती, त्याच्या हाती फी शोभते.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. लोकमान्य टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत आजीव सभासदांनी आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, बाहेरील उद्योगांतून प्राप्ती करू नये, हा मुद्दा प्रमुख होता. आणि हेच टिळक पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवीत व त्याच्या फीचा आपल्या प्रपंचास हातभार लावीत. वरवर पाहणारास यात विसंगती दिसेल. आम्हांस दिसत नाही. जोवर मनुष्य संस्थेचा बांधलेला, तोवर त्याचा वेळ संस्थेचा. बंधन सुटले की त्याची विद्या त्याची. सारांश, प्रश्न फीचा नाही. तो वेळ कोणाचा आणि विद्यार्थी कोणाचा, हा आहे.

कायद्याची दिशाही थोडीबहुत हीच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतील शिक्षकास खाजगी शिकवणीची सरसकट बंदी केली. विद्यापीठीय अध्यापकांसंबंधी अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतील आचारसंहिता मात्र निराळ्या शब्दांत बोलते : ज्या शिकवण्यांमुळे मूळ कर्तव्यात व्यत्यय येण्याचा संभव आहे, त्यांपासून अध्यापकाने दूर राहावे. हा शब्दप्रयोग सैल आहे, आणि व्यत्यय आला की नाही हे ठरवावयाचे कोणी, हे संदिग्ध राहिल्याने नियम कागदावरच राहण्याची भीती आहे. न्यायशास्त्रातील तत्त्व असे, की ज्याच्या निकालावर पक्षकाराचे हिताहित अवलंबून आहे, त्याने त्या पक्षकाराकडून कवडीही घेऊ नये. जो अध्यापक उत्तरपत्रिका तपासणार, अंतर्गत गुण देणार अथवा प्रबंधावर सही करणार, त्याने त्याच विद्यार्थ्यास घरी फी घेऊन शिकविणे म्हणजे न्यायाधीशाने एका पक्षकाराचे वकीलपत्र घेणे होय. येथे 'खुशीचा सौदा' हा शब्द वापरणेही चुकीचे आहे. ज्याच्या हाती गुण आहेत त्यास नकार देण्याची मुभा विद्यार्थ्यास कोठे असते?

परंतु सेवानिवृत्त अध्यापकास हा आक्षेप लागू नाही. आणि तासिका तत्त्वावर राबणारे जे तरुण अध्यापक, त्यांस पूर्ण वेतन द्यावयाचे नाही आणि पूर्णवेळच्या अध्यापकाची बंधने मात्र घालावयाची, हा व्यवहार कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. त्यांनी आपल्या परीक्षार्थ्यांकडून फी घेऊ नये, इतकेच त्यांजवर बंधन असावे.

आता विद्यार्थी शिकवणीकडे का धावतो ते पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाल्यापासून या विषयाकडे लोकांचे लक्ष वळले आहे, आणि तालुक्याच्या गावची मुलेमुलीही तो आवडीने घेऊ लागली आहेत. पण वर्गात बसल्यावर त्यांच्यापुढे दोन भिंती उभ्या राहतात. एक इंग्रजी ग्रंथांची आणि दुसरी संख्याशास्त्राची. मनाचा अभ्यास करावयास आलेल्या विद्यार्थ्यास सहसंबंधाचा गुणांक आणि शून्य परिकल्पना यांशी झुंजावे लागते, आणि हाताशी धरून समजाविणारा कोणी भेटला नाही, तर तो पाठांतराचा आश्रय करतो. त्यात भर अशी, की अनुदान आयोगाने २०२५ सालच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचा अभ्यासक्रम चालविण्यास मनाई केली. प्रात्यक्षिकाचे शिक्षण टपालाने होत नाही, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु नोकरी करून अथवा संसार सांभाळून शिकणाऱ्या स्त्रीपुरुषांचे दार बंद करताना जवळच्या महाविद्यालयात सायंकाळचे वर्ग उघडणे हेही आयोगाचे व सरकारचे कर्तव्य होते. एक दार लावून दुसरे न उघडल्यास लोक खिडकीतून येणारच. आणि ती खिडकी म्हणजे खाजगी शिकवणी होय.

अनुभवी अध्यापकाची खरी किंमतही येथेच कळते. मानसशास्त्र हे झपाट्याने आपली पाने पालटणारे शास्त्र आहे. २०१५ साली अनेक संशोधकांनी मिळून प्रसिद्ध झालेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय फल निघाले होते. पुनःप्रयोगांत ते अवघ्या ३६ टक्क्यांत निघाले. बाजारातील मार्गदर्शिका कालचे सिद्धांत आजही छापीत राहते. कोणता सिद्धांत टिकला आणि कोणता डळमळला, हे सांगावयास जाणता गुरूच लागतो. दुसरे असे, की या शास्त्रातील बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांतील माणसांवरून काढलेले असून ते सर्व मानवजातीस लावणे धोक्याचे आहे, हे आता त्या देशांतील विद्वानच २०१० पासून उघडपणे सांगत आहेत. आपल्याकडे ही जाणीव त्याहून जुनी आहे. बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी जशीच्या तशी न उचलता धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांवर पडताळून नवी घडविली आणि १९४० साली तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्याची फूटपट्टी घेऊन आपल्या लेकरांची उंची मोजू नये, हा धडा त्यांनी स्वतः घालून दिला. जो शिक्षक हे शिकवितो तो फी घेवो वा न घेवो, विद्याच देतो. आणि जो ठराविक प्रश्नांची ठराविक उत्तरे पाठ करवितो, तो फुकट शिकवीत असला तरी विद्येचा घात करितो.

या विषयात आणखी एक जोखीम आहे, ती गणिताच्या वा व्याकरणाच्या शिकवणीत नसते. चिंता, खिन्नता, भय यांची लक्षणे शिकता शिकता विद्यार्थी ती स्वतःत पाहू लागतो, आणि एकांतातील शिक्षकापुढे आपले मन उघडे करितो. त्या क्षणी शिक्षकाने शिक्षकच राहावे. मानसोपचार हे निराळे शास्त्र असून चिकित्सक मानसशास्त्रज्ञास कायद्याने नोंदणी आवश्यक आहे. शिकवणीच्या फीत उपचार मिसळणे हे शिष्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेण्यासारखे आहे. आणि दुःख खरे असेल, तर योग्य चिकित्सकाकडे पाठविणे हेच गुरूचे काम. तसेच प्रबंध 'सुधारून देणे' या गोंडस नावाखाली तो लिहून देण्याचा जो धंदा चालतो, त्यास शिकवणी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

तेव्हा आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. आपल्या परीक्षार्थ्याकडून कोणत्याही अध्यापकाने फी घेऊ नये, आणि हा नियम 'व्यत्यया'च्या सैल भाषेत न ठेवता स्पष्ट शब्दांत घालावा. बाहेरच्या विद्यार्थ्यांस शिकविणाऱ्याने तशी लेखी माहिती आपल्या संस्थेस द्यावी. शिकवणी देणाऱ्याने फी, तास आणि शिकवावयाचा भाग आधी लिहून द्यावा, व न झालेल्या तासांची फी परत करावी. विद्यापीठांनी निवृत्त अध्यापकांस योग्य मानधन देऊन विभागातच सायंकाळी संख्याशास्त्राचे व प्रात्यक्षिकांचे जादा तास ठेवावेत, आणि ते गरीब विद्यार्थ्यांस विनामूल्य असावेत. शेवटी, या विषयाचे उत्तम ग्रंथ मराठीत निर्माण करण्याचे काम अनुभवी अध्यापकांनी अंगावर घ्यावे. एक शिकवणी एका विद्यार्थ्याचे कल्याण करील. एक चांगला मराठी ग्रंथ जिल्ह्याजिल्ह्यातील विद्यार्थ्यांस शिकवणीची गरजच कमी करून टाकील.

खाजगी शिकवणीवर तोंडसुख घेणे सोपे आहे. परंतु ती रोगाचे मूळ नसून लक्षण आहे. रिकाम्या पडलेल्या अध्यापकांच्या जागा, अपुरी प्रयोगशाळा आणि परक्या भाषेतील पुस्तके हे मूळ रोग होत. ते तसेच ठेवून शिकवणी तेवढी बंद केली, तर ज्यांच्यापाशी पैसा आहे ते चोरून शिकतील, आणि ज्यांच्यापाशी नाही ते होते तेथेच राहतील. सरकार व विद्यापीठे यांना यांपैकी काय हवे आहे, हे त्यांनी आपल्या पुढील अंदाजपत्रकात दाखवावे.