मूळ ग्रीकवरून?

अनुवादाच्या मुखपृष्ठावर ‘मूळ ग्रीकवरून’ असे शब्द दिसले की हल्ली मला आनंदाआधी शंका येते. शंकेचं कारण मी स्वतःच आहे.

मी ग्रीक शिकले ती लखनौत, संगणकापुढे बसून. टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’ आणि शिकागोचं ‘लोगेयॉन’ हेच माझे गुरुजी. शब्दावर क्लिक केलं की मूळ रूप, विभक्ती, काळ आणि लिडेल-स्कॉटच्या कोशातली नोंद समोर येते. १८४३ साली प्रथम निघालेला तो जाडजूड कोश विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. तो घरबसल्या फुकट मिळाला. त्यामुळे ‘ही साधनं आळशांची’ म्हणणाऱ्या पंडितांशी माझं जमणार नाही.

माझं भांडण वेगळं आहे. क्लिक केल्यावर येणारा अर्थ इंग्रजीत असतो, आणि आपण तिथेच थांबतो.

ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’त, १३व्या प्रकरणात, नायकाचा अधःपात दुष्टपणामुळे नव्हे तर ‘हामार्तिया’मुळे होतो असं म्हटलं आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी बेधडक ‘शोकात्म दोष’ लिहिलं. एम.ए.पासून ‘ट्रॅजिक फ्लॉ’ डोक्यात पक्का बसला होता. कोशातले ‘एरर’, ‘गिल्ट’, ‘सिन’ मी नुसते चाळले. ग्रीक शब्द केवळ साक्षीला उभा होता. भाषांतर इंग्रजीचंच झालं.

पुढे कधीतरी त्याच्या क्रियापदाची नोंद उदाहरणांसकट वाचली. ‘इलियड’च्या चौथ्या सर्गात अँटिफस अजॅक्सवर भाला फेकतो. तो अजॅक्सला लागत नाही, ओडिसियसचा सोबती ल्यूकस मरतो. तिथे हेच क्रियापद आहे. मराठीत आपण काय म्हणू? नेम चुकला. वाट चुकते, हिशेब चुकतो, माणूस चुकतो. हामार्तिया म्हणजे चूक! काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते, तोही लंडनमार्गे.

हा फरक शब्दापुरता नाही. ‘दोष’ म्हटलं की आपण इडिपसच्या स्वभावातली खोट शोधतो आणि त्याचं झालं ते योग्यच झालं म्हणून निवांत होतो. ‘चूक’ म्हटलं की घाबरतो, कारण चूक आपलीही होते. आपल्यासारख्याच माणसावर ओढवलेलं पाहून वाटणारी भीतीच तर ॲरिस्टॉटलला हवी आहे.

‘मग प्रत्येकानं आधी दहा वर्षं व्याकरण घोकायचं का?’ असं विचारलं जाईल. दहा नकोत, पण थोडं हवंच. ग्रीकमध्ये, संस्कृतसारखीच, नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया एकच असते. यंत्र दोन्ही शक्यता दाखवतं. कर्ता कोण, हे वाक्य वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

मध्यस्थ भाषा असणं हे पाप नाही. लखनौच्या चौकात हकीम ज्याला बलगम म्हणतात, तो ग्रीक ‘फ्लेग्मा’ अरबीतून इथवर आला. नवव्या शतकात बगदादमध्ये गेलेनच्या ग्रंथांचे अनुवाद करणाऱ्या हुनैन इब्न इसहाकनं तर यादीच करून ठेवली: कोणता ग्रंथ कोणी सिरियाकमध्ये नेला, कोणी अरबीत, कोणासाठी.

आपल्या संपादकांनी निदान एवढं मागावं. कोणता कोश, कोणती इंग्रजी भाषांतरं, कुठे अडलात, हे प्रस्तावनेत लिहा. ते लिहायची तयारी नसेल, तर मुखपृष्ठावरचे ते दोन शब्द काढून टाका. माझ्या पुस्तकावरचे मी काढले आहेत.